शाळेचा संकल्प आणि शाळेची वास्तू

सिल्लोड तालुक्यातील एखाद्या गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी दोन वर्गखोल्या मंजूर झाल्या, म्हणजे त्या मंजुरीचे कागद पंचायत समितीच्या दफ्तरातून गावापर्यंत येऊन पोहोचण्यापूर्वीच त्या खोल्यांचा आकार, खिडक्यांची संख्या, फळ्याची भिंत आणि व्हरांड्याची रुंदी ही सर्व बहुधा ठरून चुकलेली असतात. गावाच्या वाट्याला जे निर्णय उरतात ते एवढेच की, जुनी खोली निर्लेखित करून तिच्याच जागी नवी उठवावयाची की पटांगणाचा एक तुकडा त्यासाठी खर्ची घालावयाचा, आणि भूमिपूजनाचा नारळ कोणाच्या हस्ते फोडावयाचा. या व्यवहारात कोणा एकाचा कसूर आहे असे नाही. अभियंत्याला अंदाजपत्रकाची मर्यादा पाळावयाची असते, मुख्याध्यापकाला पावसाळ्यापूर्वी मुले छपराखाली बसवावयाची असतात आणि गावाला, कित्येक वर्षांच्या अर्जविनंत्यांनंतर का होईना, खोल्या मिळाल्याचाच आनंद पुरेसा असतो. परंतु ज्या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्या इमारतीतील पुढील तीस-चाळीस वर्षांचे अध्ययन-अध्यापन अवलंबून राहावयाचे, तो प्रश्न, म्हणजे या भिंतींच्या आत मुलांनी दिवसभर काय करावे अशी आपली इच्छा आहे, हा या सर्व टप्प्यांत सहसा विचारलाच जात नाही.

राहते घर बांधताना मात्र हेच गृहस्थ किती चौकस असतात! स्वयंपाकघराचा धूर कोणीकडे जाईल, वेचणीचा कापूस घरी आला म्हणजे तो कोणत्या खोलीत भरावयाचा, म्हाताऱ्या आईला रात्री अंगणात उतरावयास पायरी उंच तर पडणार नाही ना, या सर्व गोष्टींचा खल पाया आखण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. कारण त्या घरात कसे राहावयाचे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. शाळेत कसे शिकावयाचे याविषयी गावाचे असे सामायिक मत बनलेले नसते, आणि ते बनविण्याची रीतही आपल्याकडे रुळलेली नाही.

वास्तविक, जीवनक्रम आधी निश्चित व्हावा आणि वास्तूने त्यामागून यावे, या तत्त्वाचे अतिभव्य उदाहरण सिल्लोडकरांच्या अगदी दाराशी आहे. सिल्लोडवरून उत्तरेस जाणारा रस्ता ज्या अजिंठ्याच्या लेण्यांकडे नेतो, तेथील विहारांची रचना पाहावी. मध्ये प्रशस्त मंडप, तिन्ही बाजूंस भिक्षूंच्या लहान लहान कोठड्या आणि समोर बुद्धमूर्तीचे गर्भगृह. एकांतातील चिंतन, संघातील श्रवण आणि सामुदायिक उपासना हा भिक्षूच्या दिवसाचा क्रम विनय या भिक्षुसंघाच्या आचारनियमांनी शतकानुशतके आधीच ठरविलेला होता आणि पाथरवटाच्या छिन्नीने त्याच क्रमाला पाषाणात आकार दिला. वाकाटक नृपती हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून घेतलेल्या १६ व्या लेण्यात बाल सिद्धार्थाच्या विद्याभ्यासाचा प्रसंगही चित्रित केलेला आहे. आपल्या आजच्या वर्गखोल्यांवरून त्यांतील मुलांच्या दिवसाचा असा क्रम भावी काळातील एखाद्या संशोधकास ओळखता येईल काय? त्याला फार तर एवढे कळेल की, सर्वांची तोंडे एका भिंतीकडे होती.

ही स्थिती का उत्पन्न झाली, याची कारणे या भूभागाच्या इतिहासात आहेत. निजामाच्या राजवटीत तहतानिया, वस्तानिया आणि फोकानिया अशा तीन पायऱ्यांनी शिक्षणाची व्यवस्था लावलेली होती. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, आणि खेड्यातील मराठी मुलाला शाळेची पायरी चढावयास मिळणे हेच दुर्लभ होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शाळा त्यांच्या हवाली झाल्या. परंतु शाळा पुष्कळ ठिकाणी देवळाच्या ओवरीत, चावडीत वा कोणाच्या वाड्यातच भरत राहिल्या. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेस सर्व ऋतूंत वापरता येतील अशा दोन खोल्या, रुंद व्हरांडा आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत असा किमान दंडक घातला. पुढे १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, तेव्हा महाराष्ट्रातील पहिल्या पाच जिल्ह्यांत तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याचा समावेश होता. मागोमाग २००१ मध्ये सर्व शिक्षा अभियान आले. या सर्व योजनांनी खोल्या मोजल्या, आणि ज्या प्रदेशात खोल्याच नव्हत्या तेथे त्या मोजणे हेच योग्य होते. निजामकालीन शाळांची पुनर्बांधणी हा मराठवाड्यात मुक्तीनंतर कित्येक दशके शासनापुढे राहिलेला विषय आहे, यावरून त्या उणिवेची खोली ध्यानात यावी. मात्र मोजणीची ही सवय इतकी अंगवळणी पडली की, शाळा सुधारणे म्हणजे खोल्या वाढविणे, भिंती रंगविणे आणि अलीकडे एक मोठा पडदा व संगणक आणून बसविणे, असे समीकरणच होऊन बसले.

यावर उपाय म्हणून शिक्षणशास्त्रज्ञ आणि वास्तुशास्त्रज्ञ ज्या गोष्टीचा आग्रह धरतात, तिला आपण शाळेचा सामायिक संकल्प म्हणू. आपल्या शाळेतून बाहेर पडणारे मूल कसे असावे आणि त्यासाठी शाळेतील त्याचा दिवस कसा जावा, याविषयी शिक्षक, पालक, ग्रामस्थ आणि प्रत्यक्ष विद्यार्थी यांनी एकत्र बसून केलेला लेखी निश्चय, इतकाच त्याचा अर्थ. प्रवेशद्वाराच्या कमानीवर रंगविलेले ब्रीदवाक्य म्हणजे संकल्प नव्हे. ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’ हे शब्द कितीही शुभ असले तरी त्यांवरून खिडकी कोठे असावी याचा अभियंत्याला पत्ता लागत नाही. संकल्पातील प्रत्येक वाक्य असे असले पाहिजे की, त्यातून भिंत, दार, ओटा, कपाट यांपैकी कशाविषयी तरी काही निष्पन्न व्हावे. ‘तिसरीतील प्रत्येक मूल रोज काही वेळ स्वतः निवडलेले पुस्तक वाचीत बसेल’ असे ठरले की, ग्रंथालयाची पुस्तके मुख्याध्यापकांच्या कार्यालयातील कुलूपबंद कपाटातून निघून मुलाच्या हाताला येतील अशा फळ्यांवर यावी लागतात, आणि खिडकीखालच्या उजेडात बसकर टाकण्यापुरती जागा मोकळी ठेवावी लागते. ‘मुलांच्या आयांना शाळेत येताना संकोच वाटणार नाही’ असे ठरले की, दाराजवळ सावलीचा ओटा लागतो, जेथे कार्यालयाची पायरी न चढता बाईंशी दोन शब्द बोलता येतील. वाक्य जितके नेमके, तितका नकाशा सोपा.

संकल्पाने जागेचे रूप कसे पालटते, याचा धडा महाराष्ट्राने फार पूर्वी घालून दिलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. बालशिक्षणाचे जे तंत्र ताराबाईंनी भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या सहवासात आत्मसात केले होते ते शहरी व खर्चिक होते. बोर्डीत त्यांनी ठरविले की, अत्यंत गरीब घरातील मूलही शिक्षणापासून वंचित राहता कामा नये. हा निश्चय पक्का झाल्यावर इमारतीची कल्पनाच उलटली. दलित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसून येताच बालवाडी त्यांच्या अंगणात जाऊन बसली, आणि अंगणवाडी जन्मास आली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना निघाली तेव्हा हेच नाव देशाने उचलले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर बिऱ्हाड हलविल्यानंतर असे आढळले की, वारली मुले शाळेत येत नाहीत याचे कारण शिक्षणाची नावड नसून गुरे राखण्याचे काम हे आहे. तेव्हा शिक्षकच गुरांमागून रानात गेले. गुरे चरत असावीत, झाडाखाली मुले जमावीत आणि पाने, बिया, खडे यांवर गणित चालावे, अशी कुरणशाळा निघाली. मोठ्या मुलांवर धाकट्या भावंडांना सांभाळण्याचा भार असतो हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी तेथेच आकारास आली. या सर्व रचनांमागे दृष्टी एकच होती, आणि ती ज्यांनी प्रत्यक्ष शिकवावयाचे त्या सर्वांना मनापासून मान्य होती.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेची गोष्टही याच जातीची. सर्व जातिधर्मांच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे आणि स्वतःच्या श्रमावर शिकावे, हा संकल्प असल्यामुळे तेथे वर्गखोलीपेक्षा वसतिगृहास आणि शेतास आधी महत्त्व आले, आणि इमारतीसाठी दगडमाती वाहणे हाही शिक्षणाचाच भाग झाला. अलीकडच्या काळात कबीर वाजपेयी यांनी मांडलेली ‘बाला’ ही पद्धती, जिच्यावरील पुस्तक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, इमारतीलाच शैक्षणिक साधन बनविते. दार उघडताना ज्या कमानीतून फिरते तिच्याखाली जमिनीवर अंश आखावेत, म्हणजे दार ढकलणाऱ्या मुलाला काटकोन पायाशी दिसावा. खिडकीच्या गजांना वळणे अशी द्यावीत की, त्यांवरून बोट फिरविता फिरविता अक्षरलेखनाचा हात तयार व्हावा. ही कल्पना पुष्कळ शाळांत पोहोचली आहे, परंतु जेथे शिक्षकांशी विचारविनिमय न करता केवळ रंगाऱ्याला बोलावून ती उतरविली गेली, तेथे दाराखालचे अंश लवकरच पायपुसण्याखाली गेले.

परदेशांतील अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेतील विनेटका या गावी १९४० मध्ये उघडलेली क्रो आयलंड शाळा जगभर नावाजली गेली, ती एलिएल आणि ईरो सारिनेन या पितापुत्रांच्या कीर्तीमुळे जितकी, तितकीच तिच्यामागील तयारीमुळे. त्या प्रकल्पावरील तरुण वास्तुविशारद लॅरी पर्किन्स आधी गावच्या शाळांत जाऊन वर्गांत बसला, शिक्षकांशी आणि झाडलोट करणाऱ्या सेवकांशीही बोलला, आणि नंतरच नकाशे निघाले. परिणामी प्रत्येक वर्ग काटकोनी आकाराचा झाला, त्याच्या कोनात हस्तव्यवसायाची खोली आली, प्रत्येक वर्गास स्वतःचे स्वच्छतागृह आणि स्वतःचे अंगण मिळाले, आणि सभागृहातील बाके पुढून मागे क्रमाक्रमाने मोठी होत गेली, जेणेकरून लहानग्यांचे पाय लोंबकळू नयेत. याच्या उलट, १९६० व १९७० च्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेत भिंती नसलेल्या शाळांची लाट आली. कल्पना उदात्त होती, परंतु शिक्षकांचे अध्यापन जुन्याच पद्धतीचे राहिल्याने एका वर्गाचा पाढा दुसऱ्याच्या कवितेत मिसळू लागला आणि कित्येक ठिकाणी काही वर्षांतच पडदे, कपाटे व अखेर भिंती परत आल्या. शिकविणाऱ्यांच्या मनात न उतरलेली वास्तू, ती कितीही नवी असली तरी, वापरात जुनीच होते.

आपल्या कायद्याने या कामासाठी जागा करून ठेवलेली आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार कायद्याच्या २१ व्या कलमान्वये शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते, तीत किमान तीन चतुर्थांश सदस्य आईबाप अथवा पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. कलम २२ तर याहून महत्त्वाचे आहे. समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा, आणि तोच आराखडा शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या योजनांचा व अनुदानांचा आधार असावा, असे त्याचे म्हणणे. म्हणजे कागदोपत्री तरी क्रम बरोबर आहे: आधी गावाचा विचार, मग सरकारचा पैसा. व्यवहारात मात्र हा आराखडा अनेकदा मागणीपत्रकाचे रूप घेतो. खोल्या दोन, संरक्षक भिंत एक, स्वयंपाकगृहाची शेड एक, अशी यादी मुख्याध्यापक भरतात, सभेत सह्या होतात आणि कागद पुढे रवाना होतो. या यादीच्या आधी पानभर संकल्प असावा, आणि यादीतील प्रत्येक बाब त्यातील कोणत्या वाक्यासाठी मागितली आहे हे समोर लिहावे, एवढी एक दुरुस्ती केली तरी आराखड्याचे स्वरूप पालटेल. आणि त्यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

सिल्लोडच्या परिसरात असा संकल्प करावयास बसलेल्या समितीपुढे कोणते विषय येतील? पहिला ऋतूंचा. मार्च-एप्रिलात शाळा सकाळची होते ती उन्हामुळे. पत्र्याच्या वा उघड्या स्लॅबच्या खोलीत दुपारी बसवत नाही, आणि पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की गुरुजींचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही. तेव्हा छपराचा प्रश्न हा सुखसोयीचा नसून अध्यापनाचा आहे, हे ठरावात स्पष्ट यावे. दुसरा जमिनीचा: काळी माती पावसाने फुगते, उन्हाने आकसते आणि उथळ पायाच्या भिंतींना भेगा पाडते, म्हणून रंगरंगोटीतून वाचलेला पैसा पायात घालणे शहाणपणाचे. तिसरा विषय शेतीच्या हंगामाचा. कापसाच्या वेचणीत आणि मक्याच्या सोंगणीत आईबाप पहाटेच रानात जातात, थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येते आणि तिची हजेरी तुटते. कोसबाडास जे सुचले ते येथेही सुचावयास हरकत नाही. अंगणवाडी शाळेच्याच आवारात, त्या मुलीच्या नजरेच्या टप्प्यात असली, तर तिचा वर्ग सुटणार नाही. चौथा विषय भाषेचा. या तालुक्यात मराठी आणि उर्दू अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. त्या जेथे शेजारी शेजारी असतील तेथे ग्रंथालय, प्रयोगाचे साहित्य आणि पटांगण सामायिक ठेवता येईल काय, हे दोन्ही समित्यांनी एकत्र बसून ठरविण्यासारखे आहे.

पाचवा आणि सर्वांत नाजूक विषय लहान शाळेतील बहुवर्ग अध्यापनाचा. कायद्यातील परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. अर्थात एका शिक्षकाकडे दोन वा तीन इयत्ता. अशा शाळेचा संकल्प ‘एक गट बाईंकडून शिकेल तेव्हा दुसरा गट स्वतः शिकत असेल’ असा असावयास हवा, आणि तो मान्य झाला की खोलीला एकच फळा असणे कसे अपुरे आहे ते आपोआप दिसते. तीन भिंतींना मुलांच्या उंचीचे फळे लागतात, बाकांच्या अचल रांगांऐवजी हलविता येणारी बसण्याची सोय लागते, आणि व्हरांडा नुसता येण्याजाण्याचा न राहता दुसऱ्या गटाचा वर्ग होईल इतका रुंद व सावलीचा लागतो. जुन्या वास्तूंतील ओसरीचा हा गुण आपण नव्या नकाशांत हरवून बसलो आहोत. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या वहीवर सावली पडू नये म्हणून उजेड डावीकडून यावा, हा जुना नियमही मुले एकाच दिशेला तोंड करून बसणार असतील तरच पुरेसा ठरतो. गोलाकार बसावयाचे ठरल्यास दोन बाजूंनी खिडक्या हव्यात.

मतभेद होतील, आणि ते व्हावेत. वडिलांना बाके हवीत, कारण त्यांच्या मते बाकांवाचून शाळा शहरासारखी दिसत नाही. बाईंना मोकळी जमीन हवी, कारण पहिलीच्या मुलांना ती लागते. आयांना सर्वांत आधी मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणि आतून लागणारी कडी हवी, आणि त्यांचे म्हणणे बहुधा सर्वांत खरे असते. अशा सभेत बोलणारे नेहमीचेच चौघे बोलतात, म्हणून चर्चेपूर्वी प्रत्येकाचे म्हणणे वेगळे टिपून घ्यावे, मुलांकडून शाळेचा नकाशा काढवून त्यात त्यांना आवडणारी व भीती वाटणारी जागा खुणावून घ्यावी, आणि ग्रामसभेपूर्वी मातांची बैठक स्वतंत्र घ्यावी. जेथे एकमत होत नाही तेथे खोली बांधण्यापूर्वी प्रयोग करून पाहावा: एक महिना एका वर्गातील बाके काढून ठेवावीत आणि मग पालकांना बोलावून दाखवावे.

यावर आक्षेप असा येतो की, शिक्षकांच्या बदल्या होतात, आदर्श नकाशा वरून येतो आणि निविदा कमी दराने भरणाऱ्यालाच मिळते, मग गावच्या संकल्पाला विचारतो कोण? त्यातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. परंतु बदल्या होतात म्हणूनच संकल्प एका उत्साही मुख्याध्यापकाच्या डोक्यात न राहता ठरावाच्या वहीत उतरला पाहिजे. कोणत्याही गुणी शिक्षकाने उभारलेले काम त्याच्यामागे टिकते ते तेवढ्याच पायावर. आदर्श नकाशातही फळ्यांची संख्या व उंची, व्हरांड्याचा कठडा, ओटा, खिडकीची चौकट, इमारतीचे तोंड कोणत्या दिशेला आणि पटांगणातील झाड वाचवावयाचे की नाही, इतक्या गोष्टींना बहुतेक वेळा वाव असतो. शाखा अभियंता आखणीसाठी येईल त्या दिवशी ठरावाची प्रत हाती देणारी समिती आणि त्या दिवशी गैरहजर असणारी समिती, यांच्या इमारती एकाच अंदाजपत्रकात निराळ्या होतात. लोकवर्गणीही खोलीच्या नावाने मागितल्यापेक्षा ‘या ओट्यावर मुले वाचीत बसतील’ असे सांगून मागितल्यास मोकळ्या हाताने मिळते.

इमारत उभी राहून एक वर्ष लोटले म्हणजे समितीने ठरावाची वही उघडावी आणि संकल्पातील एकेक वाक्य घेऊन शाळेत फिरावे. मुले स्वतः निवडलेले पुस्तक वाचीत आहेत काय, दुसरा गट खरोखर स्वतः शिकतो आहे काय, थोरली मुलगी कापसाच्या हंगामात वर्गात आहे काय? जे वाक्य प्रत्यक्षात आढळणार नाही त्याचे कारण तिहींपैकी एक असेल: वाक्य चुकले, वहिवाट चुकली किंवा भिंत चुकली. वाक्य एका सभेत बदलता येते, वहिवाट एका सत्रात सुधारता येते. चुकलेल्या भिंतीत मात्र गावाच्या दोन पिढ्यांना शिकावे लागते. म्हणून या तिहींचा क्रम लावताना भिंत सर्वांत शेवटी यावी.